नेव्हिनची डफी, खारतळेगावची वैशाली

२००८ साली ब्रिटनमध्ये सर्वांत जास्त खपलेला अल्बम एका नवख्या मुलीचा होता. तिचं नाव डफी, आणि ‘रॉकफेरी’ हा तिचा पहिलाच अल्बम. ती वेल्सच्या उत्तरेकडच्या नेव्हिन या समुद्रकाठच्या लहानशा गावची. तिथल्या घरांत अजूनही वेल्श बोलली जाते. त्याच वर्षी इकडे अमरावती जिल्ह्यातल्या खारतळेगावची वैशाली भैसने, म्हणजे आजची वैशाली माडे, झी मराठीच्या ‘सा रे ग म प’ची विजेती ठरली. पाठोपाठ हिंदीतल्या ‘सा रे ग म प चॅलेंज २००९’चं विजेतेपदही तिने आणलं.

दोघी मोठ्या शहरांपासून दूरच्या. दोघींच्या गावची बोली राजधानीच्या भाषेपेक्षा वेगळी. दोघींना पहिली ओळख दिली ती टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेनेच. इथवर त्या बरोबर चालतात. पुढे एकीच्या वाट्याला अल्बम आला आणि दुसरीच्या वाट्याला सिनेमा. हे असं का झालं, आणि त्यात वऱ्हाडच्या गळ्याचं काय राहून गेलं, याचा विचार अमरावती-अकोल्याकडच्या माणसांनी करायला हवा.

डफी स्पर्धा जिंकली नव्हती. २००३ मध्ये वेल्श वाहिनीवर ‘वाउफॅक्टर’ नावाची स्पर्धा झाली, तिच्यात ती दुसरी आली. पुढच्या वर्षी वेल्श गाण्यांची एक छोटी सीडी निघाली; वेल्सबाहेर ती फारशी कुणी ऐकली नाही. मग रफ ट्रेड या रेकॉर्ड कंपनीच्या जेनेट ली यांनी तिला हाताशी धरलं आणि ‘स्वेड’ या बँडचा जुना गिटारवादक बर्नर्ड बटलर याच्याशी तिची गाठ घालून दिली. बटलरने तिला आधी ऐकायला बसवलं. साठीच्या दशकातली अमेरिकी सोल गाणी तिने एकामागून एक ऐकली. नंतर शब्द लिहिणं, चाल बांधणं, मोडणं, पुन्हा बांधणं. यात वर्षं गेली. मार्च २००८ मध्ये अल्बम बाहेर आला तेव्हा त्यात गाणी दहाच होती आणि सगळी मिळून चाळीस मिनिटांचीही नव्हती. त्यातलं ‘मर्सी’ ब्रिटनच्या यादीत पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. पुढच्या वर्षी तीन ब्रिट पुरस्कार आले, ग्रॅमी आलं.

२००८ च्याच आरंभी अॅडेलचा ‘१९’ आला होता, त्याआधी २००३ मध्ये एमी वाइनहाउसचा ‘फ्रँक’. तिघींच्याही पहिल्या अल्बमांत सोलचा धागा आहे, पण सूर मात्र ज्या त्या मुलीचा. पहिल्या अल्बमची ताकद इथंच असते. एकेकटं गाणं गायिकेचा आवाज सांगतं. दहा गाणी एकत्र आली की ती कुठून आली, कशाला भिते, कशावर जीव टाकते, हे सगळं कळतं.

अशा गाण्यांसाठी पॉप-सोल हा शब्द बाजाराने रूढ केला, पण त्यातलं सोल बाजारात जन्मलं नाही. ते अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या चर्चमध्ये वाढलं. धर्मोपदेशक एक ओळ म्हणणार, समुदाय तिला उत्तर देणार. टाळ्या, पायाचा ठेका, मध्येच उठणारी आरोळी. रे चार्ल्सने १९५४ मध्ये हीच गॉस्पेलची घडण उचलून तिच्यात प्रेमाचे शब्द भरले, तेव्हा अनेक भाविक दुखावले. सॅम कूक ‘सोल स्टिरर्स’ या भक्तिगायकांच्या मंडळीतून १९५७ मध्ये पॉपकडे आला. अरेथा फ्रँकलिनची पहिली ध्वनिमुद्रणं तर डेट्रॉइटमध्ये वडिलांच्याच चर्चमध्ये झाली. तेव्हा ती जेमतेम चौदा वर्षांची होती. देवळातला आवाज रस्त्यावर आला आणि रस्त्यावरून रेकॉर्डवर गेला, असा तो प्रवास.

हे वाचताना वऱ्हाडी माणसाला गाडगेबाबा आठवले नाहीत तरच नवल.

शेंडगावच्या या माणसाने, ज्याच्या नावाने आज अमरावतीचं विद्यापीठ आहे, आयुष्यभर कीर्तन केलं आणि त्यात पोथी जवळजवळ ठेवलीच नाही. दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडायचं आणि रात्री त्याच गावासमोर उभं राहायचं. बाबा प्रश्न टाकायचे, हजारोंचा समुदाय उत्तर द्यायचा. पुन्हा प्रश्न, पुन्हा उत्तर. कर्जाबद्दल, दारूबद्दल, नवसाच्या बकऱ्याबद्दल, पोरांच्या शाळेबद्दल. भाषा शुद्ध वऱ्हाडी. मग अचानक ‘गोपाला’चा गजर उसळायचा आणि प्रश्नोत्तरांची लय सुरात मिसळून जायची. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्र्याला त्यांनी केलेलं कीर्तन ध्वनिमुद्रित झालं. त्यानंतर महिना-दीड महिन्यात, २० डिसेंबरला, अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवर ते गेले. ते ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळतं. ऐंशीच्या घरातला थकलेला आवाज आहे, पण समुदायाला केव्हा बोलतं करायचं आणि केव्हा गप्प ठेवायचं याचं भान एका क्षणालाही सुटत नाही. सोल गायक स्टेजवर जे साधायला आयुष्य घालवतात, ते इथं उघड्या मैदानात घडताना ऐकू येतं. वऱ्हाडातल्या प्रत्येक होतकरू गायकाने आणि गायिकेने हे कीर्तन एकदा डोळे मिटून पूर्ण ऐकावं.

दुसरा झरा मोझरीचा. यावलीत १९०९ मध्ये जन्मलेल्या तुकडोजी महाराजांनी खंजिरीसारखं साधं वाद्य हातात घेतलं आणि तिच्यावर अख्ख्या विदर्भाला भजन शिकवलं. खंजिरीची गंमत अशी की ती ताल धरते आणि गायकाला मोकळंही ठेवते. तो चालू शकतो, वळू शकतो, लोकांकडे हात करू शकतो. मोझरीच्या त्यांच्या गुरुकुंज आश्रमाच्या प्रभावाखाली गावोगाव भजनी मंडळं उभी राहिली. त्या मंडळांत सूर पक्का नसलेलाही माणूस कोरसमध्ये बसून पक्का होत गेला. दरवर्षी महाराजांच्या पुण्यतिथीला मोझरीत दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी लाखोंचा समुदाय मौन पाळतो. एरवी दिवस-रात्र गाणाऱ्या माणसांचं ते मौन असतं, म्हणूनच ते अंगावर येतं.

आणि तिसरा झरा भीमगीतांचा. १४ एप्रिल जवळ आला की अकोल्या-अमरावतीच्या वस्त्यांमध्ये गायन पार्ट्यांच्या तारखा लागतात, कव्वालीचे मुकाबले होतात, बेंजो, ढोलकी आणि हार्मोनियमवर रात्र चढत जाते. वामनदादा कर्डकांची गाणी इथं लोकांना तोंडपाठ असतात, प्रल्हाद शिंद्यांचा खडा आवाज इथं मोजपट्टीसारखा वापरला जातो. दुःख, अभिमान आणि सूड न घेता मिळवलेला विजय हे तीन भाव एकाच तानेत बसवायची कला या गायकांकडे आहे. अमेरिकी सोलची मुळंही अपमान सोसलेल्या माणसांच्याच गाण्यात आहेत. हे साम्य ओढूनताणून आणलेलं नाही; ऐकणाऱ्याला ते लगेच जाणवतं.

शब्दांचं म्हणाल तर अमरावतीने मराठीला सुरेश भट दिले. १५ एप्रिल १९३२ रोजी इथं जन्मलेल्या, लहानपणी पोलिओने पाय अधू झालेल्या या कवीचा पहिला संग्रह ‘रूपगंधा’ १९६१ चा. पुढे ‘रंग माझा वेगळा’ आला, १९८३ मध्ये ‘एल्गार’ आला आणि मराठी गझलेने स्वतःचं घर बांधलं. हृदयनाथ मंगेशकरांच्या चालींवर लता आणि आशा यांनी त्या शब्दांना आवाज दिला; ‘सिंहासन’ आणि ‘उंबरठा’ या चित्रपटांतली भटांची गीतं महाराष्ट्राला आजही पाठ आहेत. अकोल्याचे विठ्ठल वाघ यांनी वऱ्हाडी बोलीला तशीच प्रतिष्ठा दिली. ‘अरे संसार संसार’ या चित्रपटातलं त्यांचं तिफणीचं गाणं पेरणीच्या दिवसांत आजही कुठल्याशा ट्रॅक्टरवर वाजताना ऐकू येतं.

म्हणजे कीर्तन आहे, खंजिरी आहे, मुकाबला आहे, गझल आहे, बोली आहे. गळेही आहेत. मग अडलं कुठं?

याचं उत्तर थोडं बाजारात शोधावं लागतं. नव्वदच्या दशकात चॅनल व्ही आणि एमटीव्ही आले आणि सिनेमाबाहेरच्या गाण्याला अचानक तोंड मिळालं. १९९५ मध्ये अलिशा चिनॉयचा ‘मेड इन इंडिया’, १९९६ मध्ये लकी अलीचा ‘सुनो’, २००० मध्ये शानचा ‘तनहा दिल’. मराठीत मिलिंद इंगळे यांनी सौमित्रच्या कविता घेऊन ‘गारवा’ केला आणि कॉलेजातल्या एका पिढीचा पावसाळाच बदलून टाकला. २००३ च्या सुमारास सलील कुलकर्णी आणि संदीप खरे यांचं ‘आयुष्यावर बोलू काही’ आलं. त्याआधी स्वस्त कॅसेटच्या लाटेवर आनंद शिंदे यांचं पोपटाचं गाणं असं पसरलं होतं की लग्नाचा एकही मांडव त्यातून सुटला नाही. कॅसेट हातात घेऊन वळवून पाहता यायची. गायकाचा फोटो, गीतकाराचं नाव, ए बाजू, बी बाजू. अकोल्याच्या टिळक रोडवरचा किंवा अमरावतीच्या राजकमल चौकाजवळचा दुकानदार ती लावून ऐकवायचा आणि गिऱ्हाईक ‘हेच द्या’ म्हणायचं.

या लाटेच्या शेवटच्या टोकावर मुंबईचा अभिजीत सावंत उभा आहे. मार्च २००५ मध्ये तो पहिला ‘इंडियन आयडॉल’ झाला आणि महिन्याभरात सोनी बीएमजीने त्याचा ‘आपका अभिजीत सावंत’ बाजारात आणला. त्यातल्या गाजलेल्या गाण्याचा संगीतकार होता बिद्दू, ज्याने नाझिया हसनचा ‘डिस्को दीवाने’ आणि अलिशाचा ‘मेड इन इंडिया’ घडवला होता. एका साध्या मराठी घरातल्या मुलाचा पहिलाच अल्बम देशभर वाजला. मराठी पॉप गायकाच्या यशस्वी पदार्पणाचं याहून ठळक उदाहरण सापडणार नाही. पण त्यात घाई होती, आणि ती ऐकू येते. स्पर्धेची गरमी विझायच्या आत माल दुकानात पोचला पाहिजे, या हिशेबाने तो अल्बम झाला होता. डफीला मिळाली तशी वर्षं अभिजीतला मिळाली नाहीत. आवाज गोड होता. त्या आवाजाला स्वतःची भाषा सापडेपर्यंत थांबायला कुणी तयार नव्हतं.

वैशाली जिंकली तेव्हा तर दुकानंच उठायला लागली होती. कॅसेट गेली, सीडी जात होती, मोबाइलच्या टपरीवर थोड्या पैशांत मेमरी कार्ड शेकडो गाण्यांनी भरून मिळत होतं. अल्बमवर पैसा लावणारी कंपनी अभावानेच उरली. सिनेमाचं गाणं मात्र सिनेमाच्या जाहिरातीवर आपोआप चालत होतं, त्यामुळे सगळा पैसा तिकडे वळला. अशा दिवसांत दोन-दोन विजेतेपदं घेऊन आलेल्या गायिकेला जे दार उघडं होतं त्यातून ती गेली, आणि मान ताठ ठेवून गेली. २०१३ पासून ‘होणार सून मी ह्या घरची’ या मालिकेच्या शीर्षकगीतातून ती रोज संध्याकाळी घराघरांत ऐकू येऊ लागली. २०१५ मध्ये ‘बाजीराव मस्तानी’तल्या ‘पिंगा’मध्ये आणि २०१९ मध्ये ‘कलंक’मधल्या ‘घर मोरे परदेसिया’मध्ये ती श्रेया घोषालच्या जोडीने गायली. श्रेयाच्या शेजारी उभं राहून आपला रंग वेगळा ठेवणं सोपं नाही. ‘पिंगा’ पुन्हा ऐकावं: वैशालीच्या आवाजात मातीचा जो खरखरीत काठ आहे, तो गाण्याला जमिनीवर धरून ठेवतो.

तरीही सिनेमाचं गाणं हे पात्राचं गाणं असतं. ‘पिंगा’तली काशीबाई काय गाणार हे दिग्दर्शक ठरवतो, सूर संगीतकार देतो, शब्द गीतकाराचे, आणि पडद्यावर चेहरा नटीचा. गायिकेने त्यात जीव ओतायचा आणि बाजूला व्हायचं. हे काम थोर आहे. लता आणि आशा यांनी ते किती थोर असू शकतं हे दाखवून दिलं. पण खारतळेगावच्या मुलीने खारतळेगावबद्दल काय म्हटलं असतं, हे त्या कामातून कळत नाही. ते कळायला तिच्या मनाने निवडलेली दहा गाणी एका ओळीत बसलेली हवीत.

भीमराव पांचाळे यांचं उदाहरण इथं महत्त्वाचं. मोर्शी तालुक्यातल्या आष्टगावचा हा माणूस सिनेमाच्या दारात उभा राहिला नाही. मराठी गझल गायची, ती मैफलीत गायची, नव्या गझलकारांना शोधून त्यांच्या रचना गायच्या, हे व्रत त्यांनी दशकानुदशकं सांभाळलं. २०२५ मध्ये राज्य शासनाने त्यांना लता मंगेशकर पुरस्कार जाहीर केला, तेव्हा वऱ्हाडातल्या अनेकांना तो आपल्याच घरात आल्यासारखा वाटला. एकाच वाटेवर टिकून राहिलेल्या आवाजाला श्रोता मिळतो, याचा हा जिवंत पुरावा आहे.

आता डफीच्या अल्बमकडे पुन्हा एका कारणासाठी जायला हवं. त्याच्या नावातच गाव आहे. रॉक फेरी ही मर्सी नदीकाठच्या बर्कनहेडमधली साधी वस्ती. त्यातलं दुसरं गाजलेलं गाणं ‘वॉरिक अव्हेन्यू’. ते लंडनच्या भुयारी रेल्वेवरच्या एका स्टेशनाचं नाव. जिथं प्रेम तुटलं त्या जागेचं नाव गायिकेने बदललं नाही, सजवलं नाही. जगाने ते नाव जसंच्या तसं स्वीकारलं. मग मूर्तिजापूर जंक्शनवर गाणं का होऊ नये? अचलपूरहून आणि यवतमाळहून येणारी शकुंतला ही छोटी रेल्वे तिथं थांबायची, माणसं मोठ्या गाडीची वाट पाहत बसायची. किती ताटातुटी त्या फलाटाने पाहिल्या असतील. बडनेऱ्याचा पूल, पूर्णेचं खारं पाणी, श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून राजराजेश्वराकडे रात्रभर चालत येणारी अकोल्याची कावड, चिखलदऱ्याचं धुकं, कापूस वेचून वाकलेल्या बायकांच्या बोटांवरचे ओरखडे. याच मातीत शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी घरं रिकामी केली. मागे राहिलेल्या बाईचा आवाज ऐकवणारं दमदार गाणं अजून सगळ्या महाराष्ट्राच्या कानी पोचायचं आहे. सोल गायला याहून मोठं कारण कुणाला लागतं?

वऱ्हाडी बोलीला आजवर गाण्यात बहुतेक विनोदाची जागा मिळाली. तिच्यातलं ‘काऊन’ ऐकलं की पुण्या-मुंबईचा श्रोता हसायला तयार होतो. हा त्या बोलीवर अन्याय आहे. गाडगेबाबांनी याच बोलीत लोकांना रडवलं. वेल्शमध्ये गायलेली पोरगी ग्रॅमीपर्यंत गेली ती अर्थात इंग्रजीतून. पण वेल्श गाण्याने तिच्या गळ्याला दिलेलं वळण इंग्रजीतही गेलं नाही.

पहिल्या अल्बमचं यश पुढचं काही हमखास देत नाही, हेही नोंदवायला हवं. डफीचा २०१० चा दुसरा अल्बम ‘एंडलेसली’ चालला नाही आणि ती बराच काळ लोकांसमोरून दूर झाली. तरी ती दहा गाणी कुणी तिच्याकडून काढून घेऊ शकलं नाही. गाण्याच्या हक्कांच्या बाबतीतही आता गायकाची बाजू पूर्वीपेक्षा भक्कम आहे. २०१२ च्या कॉपीराइट कायद्यातल्या दुरुस्तीने गायकाचा स्वामित्वधनावरचा हक्क मान्य केला. आणि ध्वनिमुद्रणासाठी मुंबईच गाठावी लागते असे दिवस राहिलेले नाहीत. अमरावतीत आणि अकोल्यात स्टुडिओ आहेत, वादक आहेत, कवी तर चौकाचौकांत आहेत. कमी आहे ती सवडीची, आणि त्या सवडीचे पैसे देणाऱ्याची.

म्हणून विनंती आहे ती दोन्ही शहरांतल्या उत्सव मंडळांना, महाविद्यालयांना, सहकारी बँकांना आणि गावाकडून पुण्या-मुंबईत, परदेशात जाऊन सुस्थितीत आलेल्या वऱ्हाडी माणसांना. डीजेवर आणि एका रात्रीच्या पाहुण्या कलाकारावर होणाऱ्या खर्चातला थोडा भाग बाजूला काढा आणि एका गायिकेला, एका कवीला, एका वादकाला वर्षभर काम करू द्या. आकाशवाणीच्या अकोला केंद्राने ती गाणी क्रमाने, एका बैठकीत लोकांना ऐकवावीत. आणि ज्या मुली आज एखाद्या स्पर्धेच्या ऑडिशनसाठी दुसऱ्यांची गाणी घोटत बसल्या आहेत, त्यांनी एक गाणं स्वतःचं लिहावं. आपल्या बोलीत, आपल्या गावाच्या नावाने. तशी दहा झाली की ती एकत्र बाहेर काढावीत.